माळरानाचे दोन वाटेकरी
(वैचारिक लेख)

१४.१ प्रस्तावना

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. त्या गोष्टीत खोटे बोलणाऱ्या मुलाला धडा मिळतो. मात्र लांडग्याने मेंढ्या मारल्यानंतर त्या मेंढ्यांच्या मालकाचे काय झाले, त्याचा संसार कसा सावरला, हे ती गोष्ट सांगत नाही. प्रस्तुत पाठाचा विषय नेमका तोच आहे. लांडगा हा दुर्मीळ होत चाललेला प्राणी आहे व त्याला कायद्याचे संरक्षण आहे. मेंढपाळाची सारी मिळकत त्याच्या कळपात असते. या दोघांच्या संघर्षात होणारी हानी कोणी सोसावी? शासनाने दिलेल्या भरपाईने हा प्रश्न सुटतो का? इतर प्रदेशांत यावर कोणते उपाय झाले? या प्रश्नांचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

१४.२ उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला :
• माळरान, लांडगा आणि मेंढपाळ यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• पशुधनाच्या हानीबद्दल मिळणाऱ्या भरपाईची पद्धत व तिच्यातील उणिवा सांगता येतील;
• वेगवेगळ्या प्रदेशांतील उपायांची तुलना करता येईल;
• एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडणाऱ्या लेखनाची वैशिष्ट्ये ओळखता येतील;
• शासकीय कार्यालयास उद्देशून अर्ज लिहिता येईल.

१४.३ मूळ पाठ

(१) ‘पड’ जमीन आणि तिचे रहिवासी

सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे गेले की पावसाचे मान झपाट्याने कमी होते. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांच्या कोरड्या भागांत मैलोन्‌मैल उघडी माळराने दिसतात. पावसाळ्याचे चार महिने ती हिरवी असतात. उरलेले आठ महिने पिवळी आणि उजाड. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पड’ म्हणून होत आली. जिथून सारा मिळत नाही ती जमीन निरुपयोगी, हा विचार इंग्रजी अमदानीत रुजला आणि पुढेही टिकून राहिला.

वस्तुतः माळरान ओसाड नसते. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते तिथे वाढतात. त्या गवतावर काळवीट आणि चिंकारा जगतात. खोकड, तरस, धाविक आणि चंडोल यांचे ते घर आहे. या साऱ्या जीवसृष्टीच्या माथ्यावर असलेला शिकारी म्हणजे लांडगा. जंगलात जे स्थान वाघाचे, ते माळरानावर लांडग्याचे.

भारतीय लांडगा हा हिमालयातील लांडग्यापेक्षा अंगाने लहान आणि आखूड केसांचा असतो. त्याचे वजन साधारणतः वीस किलोच्या आसपास भरते. तो लहान कुटुंबाने राहतो. हिवाळ्यात ओढ्याकाठच्या घळीत किंवा बिळात मादी पिल्लांना जन्म देते आणि कुटुंबातील इतर लांडगेही त्या पिल्लांना अन्न भरवतात. भारतात अशा लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजार असावी, असा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेत देशातील वाघांची सरासरी संख्या ३,६८२ आढळली होती. म्हणजे सर्वांना ज्याची काळजी वाटते त्या वाघापेक्षाही लांडगा संख्येने कमी असण्याचा संभव आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून त्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे. तरीही खास लांडग्यासाठी राखलेली अभयारण्ये फार थोडी. झारखंडमधील महुआडांड येथील अभयारण्य १९७६ मध्ये घोषित झाले, ते त्यांतील पहिले. बहुतेक लांडगे अभयारण्यांच्या बाहेर, शेते, पाझर तलाव, रस्ते आणि वस्त्या यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जगतात.

याच मोकळ्या जागेवर मेंढपाळाचेही आयुष्य उभे आहे. धनगर समाजातील अनेक कुटुंबे आजही वर्षाचा मोठा काळ फिरतीवर असतात. पावसाळ्यात त्यांचे कळप आपल्या गावाजवळच्या माळावर चरतात. दिवाळीच्या सुमारास गवत सरत आले की काही कुटुंबे मिळून एक ‘वाडा’ निघतो. घोड्यांवर बिऱ्हाड, मागे मेंढ्या, सोबत कुत्री अशी ही वाटचाल कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्याकडे सुरू होते. वाटेतले शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंड्या आणि मूत्र यांमुळे जमिनीला उत्तम खत मिळते; त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. दख्खनी मेंढी ही या हवामानाला सरावलेली काटक जात. तिच्या लोकरीपासून घोंगडी विणली जातात.

(२) एका रात्रीची किंमत

काळविटांचे कळप जसजसे घटत गेले, तसतसा लांडगा शेळ्या-मेंढ्यांवर अधिक विसंबू लागला. सोलापूरजवळील नान्नजच्या परिसरात झालेल्या अभ्यासांत त्याच्या आहारात काळविटांबरोबरच पाळीव जनावरांचाही वाटा आढळला आहे. तो बहुधा पहाटे, तिन्हीसांजेला किंवा रात्री येतो. एक लांडगा कुत्र्यांना हूल देऊन दूर नेतो आणि तेवढ्यात दुसरा कोकरू उचलतो, असे अनेक मेंढपाळ सांगतात. रात्री कळपाभोवती वाघर, म्हणजे जाळ्यांचे कुंपण, लावलेली असते. ती ओलांडून लांडगा आत शिरला की घाबरलेल्या मेंढ्या एकमेकींवर कोसळतात. मग एकाऐवजी अनेक मेंढ्या दगावण्याचा धोका असतो.

या हानीचा हिशेब नुसत्या मांसाच्या भावाने होत नाही. समजा, एखाद्या मेंढपाळाकडे ऐंशी मेंढ्या आहेत आणि एका रात्रीत त्यांतील तीन माद्या मेल्या. त्यांतील दोन गाभण होत्या. म्हणजे मेंढ्या तीन गेल्या, पण त्यांच्यासोबत येऊ घातलेली कोकरेही गेली. पुढील काही वर्षे त्या माद्यांपासून मिळणारी वीण, लोकर आणि खत हेही गेले. उरलेला कळप बिथरतो. तो नीट चरत नाही. घरातील एका माणसाला पुढच्या कित्येक रात्री जागून काढाव्या लागतात. बँकेत ठेव नसलेल्या कुटुंबाची ठेव म्हणजे कळपच असतो. मुलीचे लग्न, आजारपण किंवा मुलाच्या शाळेचा खर्च निघाला की त्यातीलच दोन-चार मेंढ्या बाजारात जातात.

अशा वेळी संतापाच्या भरात बिळातील पिल्ले मारली जाण्याचे किंवा मेलेल्या मेंढीवर विष टाकले जाण्याचे प्रकार घडतात. विष केवळ लांडग्याला मारत नाही. तरस, खोकड, गिधाड आणि मेंढपाळाचा स्वतःचा कुत्रा यांनाही ते मारते. दुसरीकडे, लांडगा हा रानाचा वाटेकरी आहे, त्याचा वाटा त्याला द्यावाच लागतो, असे मानणारे मेंढपाळही आहेत. दख्खनमध्ये लांडगा आजवर टिकून राहिला, त्यात कायद्याइतकाच या सोशिकतेचाही वाटा आहे. परंतु ही सोशिकता कायम राहीलच, असे गृहीत धरता येत नाही. लांडगा वाचावा ही साऱ्या समाजाची इच्छा असेल, तर त्याची किंमत एकट्या मेंढपाळाने का मोजावी, हा प्रश्न न्यायाचा आहे.

(३) भरपाई : कागदावर आणि माळावर

या प्रश्नाचे शासनाने दिलेले उत्तर म्हणजे नुकसानभरपाई. महाराष्ट्रात वाघ, बिबट्या, लांडगा, तरस अशा वन्यप्राण्यांनी पाळीव जनावर मारल्यास वनविभागाकडून भरपाई मिळते. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शेळी किंवा मेंढी दगावल्यास तिच्या बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देण्याचे ठरले. उदाहरणार्थ, मेंढीचा बाजारभाव १२,००० रुपये असेल, तर भरपाई ९,००० रुपये होते. एखाद्या उत्तम मेंढीचा भाव २४,००० रुपये असेल, तर त्याचे ७५ टक्के १८,००० रुपये होतात. परंतु मर्यादेमुळे मिळतात १५,००० रुपयेच. हे दर शासन वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू दराची चौकशी करावी. २०२३ मध्ये अशा भरपाईसाठी राज्य विधिमंडळाने स्वतंत्र कायदाही संमत केला.

भरपाई मिळवण्यासाठी काही नियम पाळावे लागतात. घटनेची खबर ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला द्यावी लागते. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवता येत नाही. वनकर्मचारी पंचांसमक्ष पाहणी करतात आणि जनावर वन्यप्राण्यानेच मारले आहे की नाही, हे ठरवतात. हे ठरवणे वाटते तितके सोपे नसते. लांडगा बहुधा नरड्यावर पकड घेतो व तिथे सुळ्यांच्या खोल खुणा राहतात. भटकी कुत्री पायांना आणि मागच्या अंगाला ठिकठिकाणी फाडतात. परंतु लांडगा आणि कुत्रा यांचे ठसे फारच सारखे असतात. शिवाय रात्री मेलेले जनावर पहाटेपर्यंत कुत्र्यांनी किंवा तरसाने खाल्ले, तर खुणा पुसल्या जातात. कुत्र्यांनी केलेल्या हानीला मात्र ही भरपाई लागू होत नाही.

हे नियम गैरप्रकार टाळण्यासाठी आवश्यक आहेत, यात शंका नाही. मात्र ते बनवताना डोळ्यांसमोर होता तो एका गावात घर असणारा, सातबारावर नाव असणारा पशुपालक. फिरत्या मेंढपाळाची स्थिती निराळी असते. आज त्याचा तळ एका तालुक्यात, तर तीन दिवसांनी दुसऱ्या. पंचनाम्यासाठी थांबावे, तर ठरलेल्या शेतात कळप वेळेवर पोचत नाही आणि तोवर इथला चारा संपतो. मंजूर रक्कम ज्या कार्यालयातून निघते, ते त्याच्या गावापासून शंभर मैल दूर असते. तिथल्या दोन-तीन खेपांच्या गाडीभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत भरपाईचा मोठा भाग खर्ची पडतो. लहान कोकरू तर लांडगा पुरतेच उचलून नेतो. पंचनामा करायला मागे काहीच उरत नाही. म्हणून पुष्कळ मेंढपाळ खबरच देत नाहीत. हानी होते, तिची नोंद मात्र होत नाही, आणि जिची नोंद नाही ती हानी धोरण आखणाऱ्यांना दिसत नाही.

(४) इतरत्र केलेले प्रयोग

हा प्रश्न केवळ दख्खनचा नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात गुरांच्या मोठ्या कुरणमालकांनी आणि शासनाने मिळून एके काळी लांडग्याचा जवळजवळ निःपात केला होता. लांडगा मारणाऱ्याला बक्षीस दिले जाई. पुढे विचार बदलला. १९९५ व १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. कुरणमालकांचा विरोध तीव्र होता. तो शमवण्यासाठी ‘डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ’ या संस्थेने १९८७ पासूनच लांडग्याने मारलेल्या गुराची बाजारभावाने किंमत देण्यास आरंभ केला होता. ही रक्कम लोकवर्गणीतून उभी राहिली. लांडगा हवा असणाऱ्यांनी त्याचा खर्चही उचलावा, हे त्यामागचे तत्त्व होते. २०१० च्या सुमारास ही जबाबदारी निरनिराळ्या राज्यांकडे गेली.

या राज्यांनी आपापले नियम केले. वायोमिंगमध्ये हे मान्य करण्यात आले की, विस्तीर्ण कुरणात मारले गेलेले प्रत्येक वासरू सापडत नाही. म्हणून लांडग्याने मारल्याचे सिद्ध झालेल्या एका वासरामागे, बेपत्ता वासरे धरून, सातपर्यंत वासरांची किंमत देण्याची तरतूद तिथे झाली. विस्कॉन्सिन राज्यात तर शिकारीला नेलेले कुत्रे लांडग्याने मारले तरी भरपाई मिळते. कोलोरॅडोतील मतदारांनी २०२० मध्ये अल्प बहुमताने लांडगे परत आणण्याचा कौल दिला. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले दहा लांडगे तिथे सोडले गेले. तिथे एका जनावरामागे १५,००० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचा नियम आहे. तरीही तेथील वाद शमलेला नाही. शहरांतील मतदारांनी निर्णय घ्यायचा आणि कुरणमालकांनी रात्री जागायच्या, ही तक्रार पैशाने पूर्णपणे मिटत नाही. सोलापूर आणि विस्कॉन्सिन येथील योजनांची तुलना करणारा एक अभ्यासही २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन प्रदेशांपुढे एकच प्रश्न उभा असल्याची ती साक्ष आहे.

भारतातच हिमालयात निराळे मार्ग शोधले गेले. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात किब्बर या गावी २००२ मध्ये पशुधनाचा सामुदायिक विमा सुरू झाला. पशुपालक आपल्या जनावरांसाठी हप्ता भरतात. संस्थांच्या मदतीने मूळ निधी उभा राहिला. जनावर हिमबिबट्याने किंवा लांडग्याने मारले की नाही, याचा निवाडा गावचीच समिती करते. शेजाऱ्यापुढे खोटा दावा करणे कठीण असते आणि खऱ्या दाव्यासाठी दूरच्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत.

लडाखमध्ये लांडगे पकडण्यासाठी ‘शांगडोंग’ नावाचे दगडी खड्डे असत. त्यांच्या भिंती वर निमुळत्या आणि खाली रुंद. आमिषासाठी ठेवलेल्या जनावरावर उडी घेतलेल्या लांडग्याला बाहेर पडता येत नसे. मग लोक त्याला दगडांनी ठेचत. २०१८ मध्ये चुशूल येथील ग्रामस्थांनी, बौद्ध धर्मगुरू आणि वन्यजीव अभ्यासक यांच्याशी विचारविनिमय करून, असे खड्डे निकामी केले. त्यांनी ते बुजवले नाहीत. एका बाजूची भिंत थोडी उतरवून प्राण्याला बाहेर येण्याची वाट करून दिली आणि शेजारी एक स्तूप उभारला. पूर्वजांची आठवण राहिली, हत्या थांबली. अर्थात नुसत्या धर्मभावनेवर विसंबून चालत नाही, म्हणून हिमालयातील अशा प्रयत्नांत जनावरांचे गोठे मजबूत करण्याकडेही लक्ष दिले जाते.

(५) भरपाईच्या पलीकडे

या सर्व अनुभवांतून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, भरपाई वेळेवर, पुरेशी आणि फिरत्या माणसालाही मिळू शकेल अशी हवी. घटना कोठेही घडो, पंचनाम्याची प्रत तिथेच मिळाली आणि रक्कम थेट मेंढपाळाच्या खात्यात जमा झाली, तर त्याच्या खेपा वाचतील. दुसरी, हानी झाल्यावर पैसे देण्यापेक्षा ती टाळणे केव्हाही बरे. उंच व मजबूत वाघर, रात्रीचा उजेड, चांगली राखणदार कुत्री आणि त्या कुत्र्यांचे लसीकरण हे उपाय भरपाईपेक्षा स्वस्त आहेत. लसीकरणाने लांडग्यांचेही रक्षण होते, कारण कुत्र्यांचे रोग त्यांना जडतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माळरान उरले नाही, तर भरपाईचा प्रश्नच उरणार नाही. कारण लांडगाही नसेल आणि मेंढपाळही. कारखाने, रस्ते, सौरऊर्जेचे प्रकल्प, ऊसशेती आणि गवताच्या जागी केलेली वृक्षलागवड यांमुळे माळराने वेगाने आक्रसत आहेत. मेंढपाळाला चारा मिळत नाही, लांडग्याला काळवीट मिळत नाही, आणि उरलेल्या तुकड्यावर दोघे एकमेकांसमोर येतात. वरवर पाहता हे शत्रू आहेत. परंतु दोघांचे भवितव्य एकाच गवतावर अवलंबून आहे. ज्या जमिनीला दप्तरात ‘पड’ म्हटले गेले, तीच या दोघांची भाकर आहे.

१४.४ शब्दार्थ व टीपा

पर्जन्यछाया – डोंगराच्या आडोशामुळे कमी पाऊस पडणारा प्रदेश
सारा – जमिनीवरील कर
अमदानी – राजवट, कारकीर्द
वाडा – (येथे) फिरतीवर निघालेल्या मेंढपाळ कुटुंबांचा समूह
वाघर – रात्री कळपाभोवती लावण्याचे जाळे
वीण – प्रसूती. त्यातून मिळणारी पिल्ले
पंचनामा – पंचांसमक्ष घटनास्थळाची केलेली लेखी नोंद
सातबारा – जमिनीच्या मालकीचा व पिकांचा शासकीय उतारा
निःपात – समूळ नाश
खेटे घालणे – एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणे

पाठगत प्रश्न १४.१

योग्य पर्याय निवडा.
१. महुआडांड येथील लांडग्यांचे अभयारण्य कोणत्या राज्यात आहे?
(अ) कर्नाटक (आ) झारखंड (इ) राजस्थान (ई) महाराष्ट्र
२. किब्बर येथील योजनेत दाव्याचा निवाडा कोण करते?
(अ) वनविभाग (आ) विमा कंपनी (इ) गावची समिती (ई) न्यायालय
एका वाक्यात उत्तर लिहा.
३. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या का बसवून घेतात?
४. कोकराच्या बाबतीत पंचनामा करणे अवघड का होते?

१४.५ पाठाचे आकलन

या लेखाची मांडणी लक्षपूर्वक पाहा. लेखात कोणालाही खलनायक ठरवलेले नाही. लांडगा दुर्मीळ आहे, हे सांगितल्यानंतर लगेच मेंढपाळाची हानी मोजून दाखवली आहे. नियम आवश्यक आहेत, हे मान्य करून मग त्यांच्या उणिवा सांगितल्या आहेत. वैचारिक लेखनात दुसऱ्या बाजूचे म्हणणे आधी समजून घेणे, हा विचारातील प्रामाणिकपणा मानला जातो. ‘लांडगा वाचावा ही साऱ्या समाजाची इच्छा असेल, तर त्याची किंमत एकट्या मेंढपाळाने का मोजावी’ हे वाक्य लेखाचा मध्यवर्ती विचार सांगते. पुढील सर्व उदाहरणे या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. अमेरिकेतील उत्तर पैशाचे आहे, किब्बरचे सहकाराचे आणि चुशूलचे मनःपरिवर्तनाचे. शेवटी लेख या सर्वांच्या मुळाशी असलेल्या जमिनीच्या प्रश्नाकडे वळतो.

‘पड’ या शब्दाचा उपयोगही पाहण्यासारखा आहे. आरंभी तो दप्तरातील नोंद म्हणून येतो. अखेरीस ‘भाकर’ या शब्दाशेजारी तो ठेवल्यामुळे त्या नोंदीतील चूक वाचकाच्या लक्षात येते.

१४.६ लेखनकौशल्य : अर्ज

पुढील नमुना अर्ज वाचा. अर्जातील भाषा नेमकी असावी. दिनांक, वेळ, ठिकाण आणि संख्या यांचा स्पष्ट उल्लेख असावा.

दिनांक : ........
प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
वनपरिक्षेत्र ........, जिल्हा ........

विषय : लांडग्याच्या हल्ल्यात दगावलेल्या मेंढ्यांची नुकसानभरपाई मिळण्याबाबत.

महोदय,
मी अ. ब. क., व्यवसायाने मेंढपाळ असून माझे मूळ गाव ........ हे आहे. सध्या माझा तळ मौजे ........ येथे आहे. दिनांक ........ रोजी पहाटे सुमारे चार वाजता लांडग्याने माझ्या कळपावर हल्ला केला. त्यात तीन मेंढ्या दगावल्या असून एक जखमी आहे. मृत मेंढ्या घटनास्थळीच ठेवल्या आहेत. मी फिरतीवर असल्यामुळे पंचनामा लवकरात लवकर व्हावा व त्याची प्रत मला मिळावी, ही नम्र विनंती. माझ्या बँक खात्याच्या तपशिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,
(सही / अंगठा)

पाठगत प्रश्न १४.२

१. अर्जात ‘सध्या माझा तळ’ असा उल्लेख करणे का आवश्यक आहे?
२. ‘निःपात’, ‘सोशिकता’ हे शब्द स्वतःच्या वाक्यांत वापरा.

१४.७ तुम्ही काय शिकलात?

• माळराने ओसाड नसून वन्यजीव आणि पशुपालक या दोघांचा ती आधार आहेत.
• लांडग्यामुळे होणारी हानी केवळ मेलेल्या जनावराच्या किमतीइतकी नसते.
• भरपाईची योजना फिरत्या मेंढपाळापर्यंत पोचण्यात अनेक अडचणी आहेत.
• सामुदायिक विमा, हानीचा प्रतिबंध आणि अधिवासाचे रक्षण हे भरपाईला पूरक उपाय आहेत.

१४.८ स्वाध्याय

१. मेंढपाळाच्या हानीचा हिशेब नुसत्या मांसाच्या भावाने का होत नाही? पाठाच्या आधारे लिहा.
२. महाराष्ट्रातील भरपाईची पद्धत आणि किब्बर येथील सामुदायिक विमा यांची तुलना करा.
३. एका मेंढीचा बाजारभाव १६,००० रुपये असल्यास २०२२ च्या शासन निर्णयानुसार किती भरपाई मिळेल? हिशेब मांडा.
४. ‘वरवर पाहता हे शत्रू आहेत; परंतु दोघांचे भवितव्य एकाच गवतावर अवलंबून आहे.’ या विधानाचे स्पष्टीकरण द्या.
५. तुम्ही राहता त्या प्रदेशात वन्यप्राण्यांमुळे पिकांची किंवा जनावरांची हानी होते का? एखाद्या शेतकऱ्याशी अथवा पशुपालकाशी बोलून दहा-बारा ओळींत माहिती लिहा.
६. तुमच्या शेतातील पिकाचे रानडुकरांनी नुकसान केले आहे, अशी कल्पना करून वनविभागास अर्ज लिहा.

१४.९ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : १. (आ) झारखंड. २. (इ) गावची समिती. ३. कळपाच्या लेंड्या व मूत्र यांमुळे जमिनीला उत्तम खत मिळते म्हणून. ४. लांडगा कोकरू पुरतेच उचलून नेतो व मागे काही उरत नाही म्हणून.
१४.२ : १. मेंढपाळ फिरतीवर असल्याने त्याचे मूळ गाव आणि घटनेचे ठिकाण वेगवेगळे असते. पाहणीसाठी अधिकाऱ्यांना नेमके ठिकाण कळावे म्हणून. २. वाक्ये स्वतः तयार करा.